बोटभर

सावंतवाडीच्या चितारआळीत तातू
पांगाऱ्याचा मुखवटा घासतो आहे.
समोर नमुन्याचा मळका फोटो:
जपानी बाई, भुवया पार कपाळावर,
ओठ बोलायला उघडून तिथेच थांबलेले.

"हसता की रडता, ता आधी ठरय,"
मी म्हणालो. चाळीस वर्षं मी
दशावतारात रडलो, आरवली ते आचरा,
पेट्रोमॅक्सखाली,
शेवटच्या माणसाला ऐकू जावं असा.

तातू म्हणाला, तेही म्हणे
देवळापुढेच नाचत, भाताच्या लावणीला;
कोलांट्या, माकडचेष्टा, सगळं आपल्यासारखं.
मग कुणीतरी एकेक हालचाल
तासत नेली.

त्याने मुखवटा उचलला.
बोटभर खाली झुकवला
आणि पापण्यांवर सावली आली.
बोटभर वर:
खिडकीतला उजेड ओठांवर सांडला.
लाकूड तेच. रंगसुद्धा अजून नव्हता.

मी तो तोंडावर धरला.
छिद्रांतून आळी दिसेना, फक्त
उंबऱ्याएवढा रस्ता.
म्हणून पाय उचललेच नाहीत,
भुईवरून सरकवत
दारापर्यंत आलो.

बाहेर कोण होतं कळलं नाही.
एक पोर
हसता हसता गप्प झालं.