हात मागे

दापोडी स्टेशनच्या मागे, पिठाच्या गिरणीशेजारच्या तळमजल्यावर
हेमांगीताईंनी पहिल्या दिवशी मला एकच काम दिलं :
काही करायचं नाही.
बुटक्या स्टुलावर बसायचं. हात मागे.

चौतीस वर्षं काढली मी भोसरीच्या टूलरूममध्ये.
तिथे हात मागे फक्त साहेब ठेवायचे.

रिकामा गेलो नव्हतो मी.
बुधवारी जुन्या बाजारात उकिडवा बसून
एकेक निवडून आणलं होतं :
पितळी कडी, कोयंडा, ट्रंकेचा हूक,
बाथरूमची जाडजूड चिटकणी
आणि एक अडसर, ज्याचं दार केव्हाच जळणात गेलं असेल.
सागाच्या फळीवर सगळं काटकोनात बसवलं,
कडा घासल्या, दोनशेवीसच्या पॉलिश पेपरनं,
आणि स्वतःच्या गालावर फिरवून पाहिल्या.
क्रमही ठरवला होता : आधी कडी. चिटकणी शेवटी.

जुई, अडीच वर्षांची,
एका पायात मोजा, नाकाखाली वाळलेली रेघ.
तिनं फळी फरफटत उन्हात नेली,
उलटी केली,
आणि लाकडातली गाठ होती ना,
जी मी मुद्दाम मागच्या बाजूला ढकलली होती,
तिच्यात बोट घालून बसली.
"डोला," म्हणाली.

"अगं बाळा, इकडून बघ, इकडून..."
ताईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

बसलो.
इतकं बसणं मला ओव्हरटाइममध्येही जड गेलं नव्हतं.
अझलान राजमा ओतत होता, या वाटीतून त्या वाटीत,
सांडला की वेचत होता, दोन दाणे, पुन्हा दोन दाणे.
चौदाव्या खेपेला माझीच बोटं
पाठीमागे आपोआप चिमटीत आली.
कोपऱ्यात आठ महिन्यांचं एक बाळ
लाकडी रिंग तोंडात घालून
तिचा व्यास मोजत होतं.
ते माप मला कधी घेता आलं नसतं.

आमचा मंदार सात वर्षांचा असताना
स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून खुर्चीशी झटत होता.
"आण इकडे," म्हणालो मी.
काम दोन मिनिटांत झालं.
खुर्ची अजून आहे.
आता त्याच्या हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये
नळ ठिबकला की माणूस बोलावतात,
माणूस तीनशे घेतो, वॉशर दहाचा.
मी काही बोलत नाही.

पंधरा-वीस दिवस गेले असतील.
जुई फळीकडे यायची, कडी आपटायची,
कडीच्या आवाजावर मान हलवायची,
चिटकणीला एकदा चाटून पाहिलं तिनं, थुंकली.
उघडणं-बिघडणं तिच्या गावीही नव्हतं.
मी घरी जाऊन बायकोला म्हणालो,
डिझाइन रिजेक्ट झालं.
ती म्हणाली, कोणी केलं? मी म्हणालो, गिऱ्हाइकानं.

मग त्या गुरुवारी
अझलाननं पाण्याचा तांब्या लवंडला.
कोणी ओरडलं नाही. तो उठला,
खुंटीवरचं फडकं काढलं, आपल्याएवढं,
आणि पुसता पुसता पाणी आणखी पसरवू लागला.
मी ते बघण्यात गुंतलो असताना
मागे आवाज झाला : टक्.

वळलो तोवर तिनं चिटकणी परत लावलीसुद्धा होती.
जीभ ओठांच्या कोपऱ्यात. कपाळावर घाम.
पुन्हा टक्.
पुन्हा.
तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, कोणाकडेच पाहिलं नाही.
टाळ्या वाजवायला माझे हात पुढे आले
आणि अर्ध्यावर थांबले, माझे मीच थांबवले.
ती उठली, पाणी प्यायला गेली.

पहिल्यांदा कशी उघडली, कुठल्या बोटानं,
ते मला कधीच कळणार नाही.

संध्याकाळी घरी
मोरीच्या दाराशी उभा राहिलो.
बाहेरची कडी हळूच लावली. काढली. लावली.
या दारात मी एकोणतीस वर्षं ये-जा करतोय.
आतून बायको ओरडली, "कोण आहे? काय करताय?"

"काही नाही," म्हटलं,
आणि हात मागे घेतले.