सोमवारी देव बंद

कोयंडे पहिल्यांदा आला तो मोडका पंखा घेऊन.
होडीचा, तीन पात्यांचा, एक पातं खडकानं खाल्लेलं.
शिरोलीच्या फौंड्रीत त्यानं तो पोत्यातून काढला
तेव्हा वाळूच्या साच्यांवर माशाचा वास पसरला
आणि भट्टीवरचा बाबू ओरडला,
कुणाचा डबा उघडला रे?

तेवढ्यावर मैत्री.

यंदा शुक्रवार धरून चार दिवस सुटी आली.
करूळचा रस्ता बंद, फोंड्यानं उतरलो.
विजयदुर्गात त्यानं आम्हाला किल्ला दाखवला नाही,
किल्ल्याला आम्हाला दाखवलं.
तटावर थाप मारून म्हणाला,
"ह्यो बघ, माझो पंखो ओतणारो."

त्याची बायको नूतन ओहोटी बोटांवर मोजायची.
दुसऱ्या दिवशी तिनं गिर्याच्या गोदीत उतरवलं,
खडकात कोरलेली, आता चिखल आणि खेकडे.
पाणी आत घ्यायचं, दार लावायचं,
पाणी उतरलं की गलबत बसतं, ती म्हणाली,
म्हशीसारखं.
बायको फोटो काढत होती, पोरगी चप्पल शोधत होती.
मी साचा बघत होतो.
जहाजाएवढा साचा, आणि ओतायला कुणीच नाही.

रात्री सौंदाळ्यांचे काटे काढता काढता
त्याच्या म्हाताऱ्या आईनं विचारलं,
"तुमच्याकडे दर्याचां काय आसा?"
मी म्हटलं, मीठ. सगळे हसले.
मग झोप लागेना. लाट आपटायची आणि
मला आठवायचा टाऊन हॉलमधला तो वीतभर पुतळा.

म्हणून सोमवारी येताना त्या दोघांनाही घेऊन आलो,
(पंखा पुन्हा मोडला होताच)
घाट चढून, राधानगरीला चहा, थेट टाऊन हॉल.
दाराला कुलूप.
पहारेकरी म्हणाला, सोमवारी बंद असतंय, माहीत नाही व्हय?
चाळीस वर्षं कोल्हापुरात काढली,
आणि माहीत नव्हतं.

समोर सीपीआरची रांग, कुणाच्या हातात सलाईनची बाटली,
कुणाच्या हातात केळी.
आम्ही झाडाखाली उभे, आणि मी बंद दाराकडे बोट करून सांगू लागलो:
आत एक समुद्राचा देव आहे. परक्या देशाचा.
पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडला.
दोन हजार वर्षांचा म्हणतात. काशाचा.
ओतकाम असं की आज माझ्याकडून व्हायचं नाही,
पोटाचे स्नायू बघ, दाढीचा एकेक केस बघ.
"खंय बघू?" कोयंडे म्हणाला. "दार बंद हा."
मग मीच उभा राहिलो. एक हात वर, मूठ वळलेली.
मुठीत काय होतं? नूतननं विचारलं.
हरवलं. त्रिशूळ असेल, भाला असेल.

कोयंडेनं माझा हात धरला, कोपर थोडं खाली केलं,
पाय फाकवायला लावले, एका पायावर भार दिला.
"आता बरोबर," म्हणाला.
"ह्यो दोर धरूचो हात. शीड वर घेताना असोच ऱ्हवता."
रांगेतला एक म्हातारा आमच्याकडे बघत राहिला.
मी तसाच उभा. डोक्यावर हात, हातात नसलेला दोर,
आणि पहिल्यांदाच वाटलं, तो देव उभा नव्हता,
कामावर होता.

संध्याकाळी घाटावर नूतननं पंचगंगेचं पाणी जिभेला लावलं.
गोड, ती म्हणाली, जरा तक्रारीनंच.
कुठं जाते ही?
पूर्वेला. कृष्णेत, मग दुसऱ्याच समुद्रात.
"म्हणजे आमच्याकडे पाठ करून."
हो. घाटमाथ्यावरचा एक थेंब इकडे, एक तुमच्याकडे,
मधे विचारायला कोणी नसतं.

मंगळवारी पंखा ओतला. साचा फोडताना
वाळू अजून गरम होती.

शुक्रवारी फोन आला.
"लागलो पंखो. ऐक."
त्यानं फोन पाण्यावर धरला असणार,
मला घरघर ऐकू आली, मधे वारा, मधे एक शिवी.
बोलायला काही सुचलं नाही.
मीही फोन भट्टीकडे धरला.