तपकिरी

ऑगस्टचा तिसरा आठवडा, वारा अजिबात नाही.
टोर्किल पहिल्यांदाच माझ्या बोटीत बसलाय,
शेतावरचे बूट तसेच, गुडघ्यापर्यंतचे,
आणि बोटभर डुकरांचा वास.
"तुझ्या त्या बाटल्या तरी बघू," म्हणाला.
भाऊ आहे. नाही कसं म्हणायचं?

खाली नऊ मीटर.
दोरी सोडते, झडप मिटते, पाणी वर येतं,
दिसायला निवळशंख.
"यात वाईट काय आहे?" तो विचारतो.
मी बाटली काठोकाठ भरते, बुडबुडा एकही राहू देत नाही;
वरची हवा आत शिरली की पाणी खोटं बोलतं.
थोडं या कुपीतलं, थोडं त्या,
बूच लावून उलटसुलट.
प्राणवायू असेल तर तपकिरी ढग उतरतो,
कॉफीच्या गाळासारखा.
नसेल तर पांढरा.

दोघं वाट बघतो,
लहानपणी बाबा सापळा वर ओढायचे तेव्हा बघायचो तशी.
ईल असेल, नसेल.
असलाच तर मनगटाला वळसा घालेल.

पांढरा.

"दूध," टोर्किल म्हणतो. हसतो. मग हसत नाही.
"पुन्हा कर."
पुन्हा करते.
"कुणाच्या रानातलं आहे हे?"

पाण्याला आडनाव नसतं, टोर्किल.
पण त्याची वाट मला तोंडपाठ आहे.
ब्राझीलच्या सोयाबीनमधला नत्र जहाजानं आला,
तुझ्या डुकरांच्या पोटातून टाकीत गेला,
टाकीतून मार्चमध्ये रानावर.
गव्हानं घेतला तेवढा घेतला,
उरला तो पावसाबरोबर मातीखालच्या नळ्यांतून
कुणाला न विचारता चालत इथवर आला.
इथं शेवाळ जेवलं, माजलं, मेलं, तळाला गेलं,
आणि त्याला कुजवता कुजवता
पाण्याचा श्वास संपला.
चोरी कुणीच केली नाही.
जो तो आपापल्या ताटावर होता.

हे सगळं मी त्याला सांगितलं नाही.
सांगितलं एवढंच, की तळावर पांढरी साय धरलीय.
जुने कोळी तिला प्रेतावरची चादर म्हणतात.
अहवालात मी "जिवाणूंचा थर" लिहिते.

परतताना तो पाण्याकडे बघत नव्हता.
इंजिनच्या आवाजावरून ओरडून म्हणाला,
"आजोबा घोडागाडी घेऊन यायचे ना इथं?"
यायचे. वादळानंतर किनाऱ्यावर
सागरगवताचे ढीग लागत, कमरेइतके.
गाडी भरभरून ते रानात न्यायचे, पसरायचे.
तेव्हा गाडी उलट्या दिशेनं चालायची:
समुद्राकडून शेताकडे.
आई त्याच गवतानं गाद्या भरायची.
कूस बदलली की सळसळ व्हायची,
टोर्किल म्हणायचा, भरती आली.

सप्टेंबरात त्याच्याकडे गेले, मुलीच्या वाढदिवसाला.
केक कापून झाला तरी हा कुठं दिसेना.
शेताच्या कडेला सापडला, ओढ्यापाशी.
माळ्यावरची गादी खाली आणून
चाकूनं उसवत होता.
आतून काळ्याकरड्या रिबिनी, मऊ, कोरड्या,
पन्नास वर्षं अंधारात राहूनही न सडलेल्या.
मुठी भरभरून काठावर टाकत होता,
कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं.
एवढ्यानं ओढा अडत नाही.
मी तसं म्हणाले नाही.

एक रिबीन त्यानं जिभेला लावली.
"अजून खारट आहे गं."

मग चाकू पँटला पुसत,
"आता परत कधी जाणारेस मोजायला?"
"मंगळवारी."
"मंगळवारी डुकरांचा ट्रक येतो."

एकोणीस वर्षं माझा मंगळवार चुकलेला नाही.
आजारपणातही नाही.
आई गेली तो मंगळवारच होता, संध्याकाळी नोंद केली होती.

"बुधवारी जाऊ," म्हटलं.