एक्केचाळीस अ

शाहूपुरीत, पेढीच्या माळ्यावर,
गुळाचा वास मुरलेली तीन बोचकी
मी आठवडाभर स्कॅनरला भरवली.
झाली एकच फाईल, सहाशे बारा पानांची,
शेपूट ना तोंड.

अवजारं सगळी फुकटची.
काळ्या खिडकीत चार ओळी लिहिल्या:
पान तोड, तारीख उचल, व्हाउचर नंबर लाव,
आधी वर्ष, मग महिना, म्हणजे रांग मोडत नाही.
एंटर दाबलं.
चहा निवायच्या आत
पावत्या आपापल्या नावानं उभ्या.

मोजल्या. सहाशे अकरा.

तक्रार नाही, लाल अक्षर नाही,
एकीच्या अंगावर दुसरी गपचिप निजलेली.
मूळ फाईल जपली होती म्हणून निभावलं.
पान पान बघत गेले साडेनवापर्यंत;
खाली हमाल शेवटचे रवे मोजत होते, मोठ्यानं.

सात मार्च, एक्केचाळीस.
पाठोपाठ पुन्हा सात मार्च, एक्केचाळीस.
नेमगोंडा दिवाणजींचं तेच उभट अक्षर,
ज्यांनी अकरा वर्षांत आकडा खोडला नाही.
पहिलं: बारदान, दीडशे नग.
दुसरं: पेढे, दोन किलो.
कारणाच्या रकान्यात
पेन टेकवल्याचा ठिपका, बस्स.

मालकांना विचारलं.
"म्हातारा आणि पेढे?
सुपारीसुद्धा मोजून खायचा त्यो.
टाक किरकोळीत."

नाव दिलं: वर्ष, महिना, सात, एक्केचाळीस अ,
मग एक आडवी रेघ,
आणि रेघेपुढं काय लिहावं
ते मला सुचेना.
कर्सर लुकलुकत राहिला
त्या ठिपक्याच्या जागी.