घोटांचा हिशेब

आधी आमच्या घरात दोन वारे होते.
एक सामुद्रधुनीवरून येणारा, छपराचे पत्रे उचकटणारा,
दुसरा मिल्यारायच्या घशातला.
सात वर्षांची पोर, घोरणं म्हाताऱ्या बोक्याचं.
मध्येच ते थांबायचं.
मी अंधारात मोजायचो, एक, दोन, तीन, चार,
मग एक हिसका
आणि श्वास पुन्हा वाटेला लागायचा.

पुंता अरेनासच्या इस्पितळात
मंगळवारी टॉन्सिल काढले, तासही लागला नाही.
नर्स एदुविना म्हणाली, "आमचं काम झालं, आता तुमचं.
पाणी. घोटभर का होईना, पण पाणी.
औषध घड्याळ बघून, रडणं बघून नाही.
झोपली असली तरी उठवा.
सुकलेला घसा जास्त भांडतो."

मी मेंढ्या भादरणारा माणूस.
हंगामात दिवसाला दीडशे.
गोठ्याच्या दारावर खडूने रेघा ओढतो,
चार उभ्या, पाचवी आडवी.
तशाच ओढल्या फ्रिजवर,
एक घोट, एक रेघ.
पहिल्या दिवशी अकरा.
दुसऱ्या दिवशी नऊ, त्यातला एक थुंकलेला.
तो धरायचा की नाही
यावरून इर्मा आणि मी भांडलो,
कुजबुजत.

तिसऱ्या दिवशी ती कान धरून बसली.
कानाला तर कुणी हातही लावला नव्हता.
"घशाचं दुखणं कानात जातं कधी कधी,"
एदुविना फोनवर म्हणाली,
शेजारच्या घरचं भांडण सांगावं तशी.

पाचव्या दिवशी टॉर्च लावून पाहिलं.
आत पांढरं, बुरशीसारखं,
आणि वास असा की इर्माने खिडकी उघडली,
वाऱ्याने लगेच आपटून लावली.
कातरीखाली मेंढी कापली गेली तर
मी जखम खरवडतो, डांबर फासतो, सोडून देतो.
इथे खरवडायचं नाही.
हे पांढरं घशानेच विणलंय,
त्याचं तेच सुटणार.
हात मागे कसा घ्यायचा
हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

सहाव्या रात्री उशीवर लाल.
तिला ब्लँकेटसकट उचललं.
गाडीचं दार वारा उघडू देईना,
मी त्याला आईवरून शिवी दिली.
डॉक्टरने घसा पाहिला, दोनदा,
मग उशीचा अभ्रा हुंगला.
"रक्त नाही. रास्पबेरी जेली."
मावशी ओतिलियाने लाडाने भरवलेली.
लाल काही देऊ नका, असं कागदावर लिहिलं होतं.
तो कागद तिच्याच पर्समध्ये.
परतताना मी खूप हसलो.
मग किनाऱ्यालगत गाडी थांबवली
आणि बराच वेळ हसलो नाही.

आता फ्रिजवर जागा उरली नाही.
काल सत्तेचाळीस घोट,
आणि अर्धा पाव, कडेशिवाय.
कडेसाठी तिने पाय आपटले.
आवाज बारीक झालाय,
कुणा दुसऱ्याच मुलीकडून उसना आणल्यासारखा.

आणि रात्री घरात एकच वारा.
ती घोरत नाही.
एवढ्यासाठी तर सगळं केलं,
तरी ही शांतता मला सोसत नाही.
दोनदा उठतो, तीनदा,
तिच्या नाकाखाली बोटं धरतो
ऊब लागेपर्यंत.
काल डोळे न उघडताच म्हणाली,
"बाबा, हात काढ.
मेंढीचा वास येतो."