हात लावू नये

उरुग्वाय नदीकाठचा मांसाचा कारखाना बंद पडला
तेव्हा त्याची पहिली किंमत भंगारवाल्याने केली.
पितळ वेगळं, तांबं वेगळं,
बिडाचं काही खरं नाही म्हणाला.
माझा भाऊ ओमार रात्री कुंपणातून आत जायचा
आणि सकाळी आमच्याकडे पाव यायचा.
कुठून, ते कुणी विचारलं नाही.

मग बरीच वर्षं नुसती कबुतरं.
शीतगृहाच्या पाचही मजल्यांवर गवत,
आणि बाबा अंगणात येर्बाचा कडू चहा घेत बसलेले,
भोंगा नसतानाही बरोबर एकला उठणारे,
उठून कुठेच न जाणारे.

मग फायली आल्या.
हेल्मेट घातलेली नम्र माणसं, हातात मोजपट्ट्या.
भिंतीचे पोपडे त्यांनी पाकिटांत भरले, वर तारीख घातली.
आईने एकतीस वर्षं डब्यांना लेबलं चिकटवली होती.
म्हणाली, आता आपल्याला चिकटवतायत.

वारसा, असं ते म्हणाले.
बाबांनी तो शब्द नाण्यासारखा दाताखाली धरून पाहिला.
"वारसा कुणी गेल्यावरच लागतो," म्हणाले,
"म्हणजे बरोबर आहे."
शेजारची एल्सिरा त्याहून कडू:
मेल्या म्हशीला मणभर दूध,
आणि ही तर आपणच कापलेली!

आता मी तिथे वाटाड्या आहे, मंगळवार ते रविवार.
यादीत सातशे बारा वस्तू आहेत,
वास नाही.
रक्त उकळतानाचा तो वास, जो आईच्या केसांतून
रविवारच्या मिस्सापर्यंतही निघायचा नाही.
तो कसा सांगू? मी सनावळ्या सांगते.

ओमारने विकलेल्या झडपेची जागा तशीच ठेवलीय,
भिंतीवर फिकट गोल खूण.
पाहुणे तिचाही फोटो काढतात.
ओमार अजून आलेला नाही.

बाबा एकदाच आले. तिकीट काढून.
मला ओळख दिली नाही, मीही दिली नाही.
डबे बंद करायच्या यंत्रापाशी थांबले.
लाल दोरी, पाटी: हात लावू नये.
तीनच शब्द, पण लांबलचक पत्र असावं
तसे वाचत राहिले.
मग खिशातून उजवा हात काढला,
तीन बोटांचा,
आणि यंत्रालाच म्हणाले,
"ही पाटी तेव्हा हवी होती."

गट पुढच्या दालनात गेला होता.
मी दोरी उचलून धरली,
आणि त्यांच्याकडे पाठ करून
छताच्या गंजलेल्या तुळया
मोजत राहिले.