शेकडा दोन

दार उघडलंस, बरं झालं, थॅडियस.
कुत्र्याला आवर, माझ्या हातात नुसते कागद आहेत.
हो, मीच. किनाऱ्यावरची शौचालयं धुणारी व्हर्ना.
आज हात दोनदा धुऊन आलेय.

हिवाळ्यात आपण अकराशे माणसं.
जुलैत मोजायला गेलं तर मोजणाराच हरवतो.
पुलापासून बेकरीपर्यंत गाड्या,
आणि प्रत्येक गाडीत कुणाला तरी घाईची लागलेली.
हसू नकोस. हा अर्थसंकल्पाचा प्रश्न आहे.
सहा भांडी, त्यातली दोन तुंबलेली,
आणि कागदाचे रोल कुठल्या पैशांतून आणू
असं नगरसभेत विचारलं
की सगळे खिडकीबाहेर समुद्र बघतात.

म्हणून म्हणते, शेकडा दोन.
तुझ्या घरपट्टीला हात नाही लागत.
जो समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीत
एका रात्रीचे दोनशे डॉलर मोजतो,
त्याच्या बिलाखाली आणखी चार.
तू म्हणशील, पाहुण्याच्या काठीने साप मारायचा का?
हो, मारायचा.
साप त्यांच्याच पायात येतो, काठीही त्यांचीच असू दे.

मोटेलवाली मार्गरेट कोल्ब म्हणते,
पाहुणे पलीकडच्या गावात जातील.
मी म्हटलं, दोन टक्क्यांसाठी
कुणी सूर्यास्त बदलत नाही, मार्गरेट.
वाक्य चांगलं जमलं. घरी येईपर्यंत मीच खूश होते.
मग आठवलं, माझी बहीण इल्सा
तिच्याकडेच खोल्या आवरते, तासावर.
दहा खोल्या रिकाम्या राहिल्या तर
तास कुणाचे कापले जातील
हे मला या कागदावर कुठे सापडलं नाही.
रविवारी आम्ही दोघी एकत्र जेवतो,
आणि हा विषय मिठासारखा मधोमध असतो.
दोघींचंही जेवण अळणी. हात कुणी पुढे करत नाही.

तुला हे सांगायला नको होतं.
प्रचाराला निघालेल्या बाईने
असं बोलायचं नसतं म्हणे.

आणखी एक गोष्ट आहे माझ्याकडे.
गेल्या ऑगस्टची. उत्तरेच्या खडकांवरची.
गावात रुग्णवाहिका एकच,
आणि ती त्या दुपारी चाळीस मैलांवर होती.
मी तिथे होते, हातात बादली.
एवढंच.
पुढचं सांगितलं तर तू इथेच, दारात उभ्या उभ्या
'होय'वर खूण करशील, मला माहीत आहे.
म्हणूनच नाही सांगत.
ते ज्यांचं मूल,
त्यांना विचारून आले नाहीये मी.

तर पाकीट टपालाने आलंच असेल तुझं.
मागच्या बाजूला सही विसरू नकोस,
गेल्या वेळी विसरला होतास, अख्ख्या गावाला माहीत आहे.
मंगळवारी रात्री आठच्या आत
वाचनालयासमोरच्या पेटीत टाक.
'नाही' म्हणायचं असेल तरी टाक.
निदान मोजणाऱ्याला काम.

काही बोलला नाही. कागद घेतला.
कुत्र्याने त्याचा कोपरा चावला, मी दुसरा दिला.

पुढचं घर पूर्वी हॅटी ब्लूमक्विस्टचं.
आता दाराच्या मुठीवर आकड्यांचं कुलूप,
कोणाचं कोण येतं, तीन रात्री राहून जातं.
इथे मत नाही, वेळ घालवू नकोस,
असं मला बजावलेलं.
तरी ठोठावलं. पायांना सवय झालेली.

सात-आठ वर्षांच्या मुलीने उघडलं,
अंगाला टॉवेल, केसांत वाळू.
माझ्या जाकिटावरचं गावाचं चिन्ह बघून
तिला मी कुणीतरी अधिकारी वाटले असणार.
विचारलं, इथला समुद्र उद्या किती वाजता उघडतो?

म्हटलं, तो बंदच होत नाही.
मग ती आत वळायच्या आधी घाईघाईने,
पण एकटी जाऊ नकोस हं खडकांकडे.
उद्या सकाळी सहाला मी असते तिथे,
निळी बादली घेऊन. हाक मार.